उसनी ऊब

मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडवरच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सुनंदाबाईंचा 'वाटण्या'वर विश्वास नव्हता. शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलेल्या बाई. घरात कुणी 'अंग कोमट वाटतंय' म्हणालं की त्या आधी थर्मामीटर आणून हातात द्यायच्या.

फेब्रुवारीत त्यांच्या यजमानांच्या, विद्याधररावांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, बोलणंही तुटक का होईना सुरू झालं. पण मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो, हायपोथॅलॅमस, तो कायमचा दुखावला.

"काकू, गिझरचा थर्मोस्टॅट गेलाय असं समजा," डॉक्टर इरावती म्हणाल्या होत्या. "घाम कधी आणायचा, कुडकुडायचं कधी, भूक, खाल्लेल्याचं काय करायचं, सगळं तिथून चालतं. आता खोली गार तर काका गार, खोली तापली की काका तापणार. फार जपावं लागेल."

सुनंदाबाईंनी नुसती मान हलवली. नववीच्या मुलांना हेच त्या फळ्यावर आकृती काढून शिकवत आल्या होत्या.

घरी आणलं त्याच दिवशी विद्याधरराव गार पडले. श्वेताने, त्यांच्या मुलीने, बाबांना बरं वाटावं म्हणून एसी लावून ठेवला होता. तो बंद केला, दोन रजया घातल्या, गरम पाण्याची पिशवी झाली, तरी पारा खालीच. ओठ निळे पडायला लागले तेव्हा सुनंदाबाईंनी खोलीचं दार लोटलं, रजईत शिरल्या आणि नवऱ्याला छातीशी घट्ट धरून पडून राहिल्या. या वयात असं बिलगून निजायची त्यांना लाज वाटली, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती. हळूहळू विद्याधररावांच्या अंगात ऊब आली.

त्यानंतर विद्याधरराव कधीच गार पडले नाहीत. मे महिन्यात भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असायच्या, तरी ते तापले नाहीत. डॉक्टर इरावती खूश झाल्या. सुनंदाबाईही खूश होत्या, पण त्यांच्यातली शिक्षिका काही स्वस्थ बसेना. थर्मोस्टॅट गेलेल्या गिझरमधून रोज बरोबर हवं तितकंच गरम पाणी कसं येईल?

मग जेवणाचं सुरू झालं. विद्याधरराव पेजेचे चार घास घेऊन तोंड फिरवायचे. तरी त्यांचे गाल भरले, पायजम्याची नाडी सैल बांधावी लागली. सुनंदाबाईंना मात्र सारखी भूक लागायची. भाकरी संपवून उठलं की हात पुन्हा चिवड्याच्या डब्यात. आणि ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागलेले.

"काय गं, डाएटबिएट करतेस की काय?" समोरच्या कुंदाने जिन्यात हटकलं. "नवरा झकास गुटगुटीत आणि तू अशी काडी."

दोघी हसल्या. सुनंदाबाई जरा उशिराने हसल्या.

एकदा लिफ्ट बंद होती. भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढून त्या धापा टाकत घरात आल्या. पंख्याखाली पडलेल्या विद्याधररावांचा सदरा घामाने चिंब झाला होता. डोळे मिटलेले, आणि छाती भराभर वरखाली होत होती. सुनंदाबाई पलंगाशी उभ्या राहिल्या. त्यांचा स्वतःचा श्वास खाली बसला, तसा विद्याधररावांचाही बसला.

श्वेता दर रविवारी घाटकोपरहून यायची. त्या रविवारी सुनंदाबाईंनी तिला बाबांजवळ बसवलं, स्वतः बाथरूममध्ये कडी लावून घेतली आणि बर्फ घातलेल्या बादलीत पाय बुडवून बसल्या. अंगावर काटा आला. दात वाजायला लागले.

"आई," बाहेरून श्वेताचा आवाज आला. "बाबा कुडकुडतायत गं. पंखा बंद करू?"

सुनंदाबाईंनी पाय बाहेर काढले, पुसून घासून कोरडे केले.

"नको. थांबेल आता."

थांबलं.

त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. बोलणार तरी काय? असलं काही सांगणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी स्वतःच बाकावर उभं केलं असतं.

जूनमध्ये वटपौर्णिमा आली. सुनंदाबाईंनी हा उपास कित्येक वर्षांपूर्वी सोडला होता. "सात जन्मांचं बुकिंग नको, हाच पुरे," असं त्या दरवर्षी कुंदाला चिडवायच्या. या वेळी कुंदा एवढंच म्हणाली, "या वर्षी तरी धर गं. त्यांच्यासाठी." आणि सुनंदाबाईंनी धरला. धरला तो अगदी कडक, पाण्याचा थेंबही न घेता. बादलीत पाय बुडवून ज्या बाईने सगळं ताडून पाहिलं, तिला त्या दिवशी नेमकं हेच सुचू नये. पण नवऱ्याच्या जिवासाठी देवापुढे हात जोडताना माणूस हिशेब बाजूला ठेवतो. त्यांनीही ठेवला.

वडाला सूत गुंडाळून, फळांचं वाण घेऊन त्या दुपार कलताना घरी आल्या. श्वेताने रजा टाकली होती. ती दारातच उभी होती.

"आई, बाबा हाकेला ओ देत नाहीयेत."

चेहरा राखाडी. कपाळावर गार घाम. श्वेताने बोटाला सुई टोचून साखर पाहिली. पन्नासच्याही खाली.

"असं कसं? आत्ताच तर पेज आणि केळं भरवलं मी."

तिने साखरेचं पाणी त्यांच्या ओठांत सोडलं. थोडं आत गेलं, थोडं ओघळलं. पुन्हा सुई. साखर आणखी उतरली होती.

"ॲम्ब्युलन्स बोलावते," ती फोन शोधत म्हणाली.

सुनंदाबाई स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावर वाणाचं ताट होतं. स्वतःच्या पोटात पडलेली आग त्यांना तेव्हा कुठे कळली.

त्यांनी ताटातला आंबा उचलला.

सालीसकट चावला.

गिळला. रस कोपरापर्यंत ओघळला. पुन्हा चावला.

"आई! डोळे उघडले बाबांनी!"

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. विद्याधरराव त्यांच्याकडेच बघत होते.

"आंबा," ते सावकाश म्हणाले, "आंबट निघाला गं."

"भ्रमात आहेत," श्वेता डोळे पुसत म्हणाली.

त्या दिवसापासून सुनंदाबाई औषध घ्यावं तशा जेवायला लागल्या. पोटभर नव्हे, दोघांपुरतं. त्यांना नवरा हवा होता, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी अंगावरचं मांस झडतच राहिलं, आणि श्रावणात एका सकाळी पोळी लाटता लाटता त्या खाली कोसळल्या.

श्वेता तेव्हा माहेरीच राहायला आली होती. कुंदाने रिक्षा बोलावली. उंबऱ्यात सुनंदाबाईंनी लेकीचं मनगट धरलं.

"बाबा गार पडले ना, तर पांघरुणावर विसंबू नकोस. घट्ट जवळ घेऊन बस."

"हो गं, बसते. तू जा आधी."

हॉस्पिटलात पहिले दोन दिवस सलाइनवर गेले. तिसऱ्या दिवशी जेवणाचा ट्रे आला. वरण, भात, दुधीची मिळमिळीत भाजी. अर्धा भात झाला आणि सुनंदाबाईंचा हात थांबला. पोट भरलं होतं. असं पोट भरून किती महिने झाले, ते त्यांना आठवेना. समाधानाने त्यांचे डोळे भरून आले. उशीला टेकून त्या शांत झोपल्या.

जाग आली ती दचकूनच.

आपलं जेवण आपल्याला पुरलं. मग तिकडे त्यांना कोण पुरवतंय?

दारात लेकीला काय सांगून आलो, ते त्यांना शब्दन्‌शब्द आठवलं.

त्यांनी फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली.

"बाबा कसे आहेत?"

"छान आहेत गं," श्वेता म्हणाली. तोंडातल्या घासाने तिचा आवाज जड झाला होता. "परवा एकदाच गार पडले, तू सांगितलंस तशी जवळ घेऊन बसले. तेव्हापासून काही नाही. आत्ता झोपलेत मस्त."

सुनंदाबाईंनी पाय पलंगाखाली सोडले.

"आई, तू लाडू कुठे ठेवतेस?" श्वेताने विचारलं. "दुपारपासून तिसऱ्यांदा जेवले मी. भूक जातच नाहीये."

फोनमधून नुसता डब्याची झाकणं एकामागून एक उघडल्याचा आवाज येत राहिला.