खर्जातला सूर

माझ्या ऑफिसात अशिलाची खुर्ची टेबलापलीकडे नसते, माझ्या शेजारी असते. लहानपणी कुणी अत्याचार केला असेल, तर ते सांगताना समोर कुणी टक लावून बसलेलं नको वाटतं. दोघींनी एकाच खिडकीकडे बघत बोललेलं बरं पडतं. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. तिच्याकडे बघत माणसांनी काय काय सांगितलंय, ते त्या टाकीलाच ठाऊक.

ही बाई आली ती जेवणाच्या सुट्टीत. चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचं काम करायची. बसल्या बसल्या तिने माझ्या नाकावरचा चष्मा सरळ काढून घेतला, दांडी जराशी वाकवून परत चढवला आणि म्हणाली, वाकड्या चष्म्याशी मला बोलताच येत नाही. मला अशी आगाऊ माणसं आवडतात. मग टाकीकडे बघत तिने सगळं सांगितलं.

लहानपणी ती चर्चच्या गायनमंडळात होती. पाळक म्हणजे घरचंच माणूस, आजारपणात प्रार्थनेला येणारा, आईला ताई म्हणणारा. सरावानंतर गाण्याची पुस्तकं ठेवायच्या निमित्ताने तो तिला ऑर्गनच्या मागच्या खोलीत न्यायचा. तिथे त्याने काय केलं ते तिने कोरड्या आवाजात, योग्य ते शब्द वापरून सांगितलं. ते कोर्टात लिहिलेलं आहे, इथे मी पुन्हा लिहीत नाही. घरी कळलं तेव्हा आईने चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांकडे धाव घेतली. पंचांनी पाळकाला गुपचूप दुसऱ्या चर्चमध्ये पाठवलं आणि आईला मंडळीच्या अब्रूवर प्रवचन दिलं. पोरगी कल्पना करते, असंही वर म्हणाले.

"तुमची मुलगी खरं बोलत होती, एवढं त्यांनी कोर्टात म्हणावं," ती म्हणाली. "आई अजून आहे. तिच्या कानांवर पडायला हवं."

मी कागद आवरायला लागले, तर ती उठेना. मला कुणाचे तरी आभार मानायचेत, म्हणाली. त्या खोलीत ती असताना बाहेर कुणीतरी ऑर्गन वाजवायचं. गाणं नाही, एकच सूर, अगदी खालचा, खर्जातला, फळ्या थरथरतील इतका जाड. तो सुरू झाला की पाळकाचा चेहरा पांढरा पडायचा. तो दार उघडून बाहेर धावायचा आणि तिला पळायला वाट मिळायची. प्रत्येक वेळी नाही, पण बऱ्याचदा. बाहेर मात्र कधी कुणी दिसलं नाही. कोण होतं ते शोधून द्या, एवढंच तिचं मागणं.

मला तर लॉटरीच लागल्यासारखं झालं. म्हणजे साक्षीदार होता.

त्या चर्चमध्ये पूर्वी ऑर्गन वाजवणाऱ्या बाई सापडल्या. हात आखडलेले, पण डोकं तल्लख. त्यांनी माझ्या आशेवर पाणी फिरवलं. त्या काळात ऑर्गन मुका होता. हवा भरणारा पंखा जळला होता, तो काढून नेला तो परत आलाच नाही, आणि उपासना पियानोवर चालायची. हवेशिवाय ऑर्गन म्हणजे नुसतं कपाट, असं त्या म्हणाल्या; ऑर्गनच्या मागे त्या कधी गेल्याच नव्हत्या. शिवाय चर्चने कोर्टात लिहून दिलं की ऑर्गनच्या मागे खोली वगैरे नाही आणि नव्हती, सरळ भिंत आहे. मी जाऊन पाहिलं. खरंच भिंत होती, रंग दिलेली, तिच्यावर एक घड्याळ.

चर्चच्या वकिलांना आम्ही बाररूममध्ये खाकरे म्हणतो. दर वाक्याआधी घसा खाकरतात. माणूस वाईट नाही, पण समोरच्याच्या जबानीत एक सैल धागा दिसला की अख्खी जबानी उसवतात. हा सूर म्हणजे त्यांच्यासाठी आयतं कोलीत होतं. जी बाई मुका ऑर्गन ऐकते, तिचं बाकीचं कोण खरं मानणार?

मी तिला बोलावून समजावलं. हे एक वाक्य काढा, केस उभी राहते. ठेवलंत, तर तुमची आई कोर्टातही तेच ऐकेल जे पंचांकडून ऐकलं होतं.

तिने टाकीकडे बघतच विचारलं.

"ज्याने हात टाकला त्याचं नाव लिहायचं, आणि ज्याने सोडवलं त्याला खोडायचं? मला नाही जमणार, वकीलबाई."

मी हात टेकले. वाक्य राहिलं.

कोर्टाने जागेची पाहणी करायला एक कमिशनर नेमले, निवृत्त न्यायाधीश, काठी टेकत चालणारे. मी ऑर्गन दुरुस्त करणारे एक काका सोबत घेतले. सकाळची वेळ, रंगीत काचांतून ऊन बाकांवर पडलेलं, सगळीकडे पॉलिशचा वास. काकांनी ऑर्गनची मागची फळी उघडून दाखवली. पंख्याची जागा रिकामी होती. हवेची वाट लाकडी बुचाने बंद केलेली होती आणि बुचावर जळमटं धरली होती. खाकरे खूश झाले.

त्यांनी घसा साफ केला, कोट सावरला आणि स्वतःच ऑर्गनसमोर बसले. पट्टी दाबून माझ्या अशिलाकडे बघायचे. "ही का हो?" खट्ट. "मग ही असेल." खट्ट. सुकी लाकडं आपटल्याचा आवाज. कमिशनरसाहेबसुद्धा मिशीत हसले. मी खाली बघत होते. माझ्या अशिलाने मात्र मान वर ठेवली होती.

खाकरेंनी डाव्या टोकाची शेवटची पट्टी दाबली.

सूर लागला.

आधी तो पायांना कळला, मग बाकाला, मग कानाला. काचा बारीक बारीक वाजायला लागल्या.

खाकरेंनी बोट उचललं. सूर चालूच राहिला.

ते दोन्ही हात छातीशी धरून बाजूला झाले. ऑर्गनपाशी आता कुणीच नव्हतं.

"ऑर्गनमधून नाही येत," काका म्हणाले. त्यांनी भिंतीला कान लावला आणि लगेच काढला. "इथून येतोय."

माझी अशील रडत होती आणि हसत होती. हाच, हाच, म्हणत होती.

कमिशनरसाहेबांनी काठी भिंतीवर टेकवली. ही फोडा, म्हणाले.

सूर थांबला.

गवंडी येईपर्यंत खाकरेंनी एकदाही घसा साफ केला नाही. भिंत एका विटेची निघाली. मागे खोली होती, तिने सांगितली होती तशी, उंचावर एकच झरोका, पुस्तकांचं फडताळ, अरुंद बाक, आणि दाराला आतून कडी, लहान मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर. ती कडी बघून कमिशनरसाहेबांनी तोंड फिरवलं.

केसचं सांगायचं तर पुढे फारसं काही उरलंच नाही. खाकरेंनी आपल्या अशिलांना काय सुनावलं ठाऊक नाही, पण पंचांनी भर कोर्टात उभं राहून मान्य केलं, की मुलगी खरं बोलत होती, आम्हाला ठाऊक होतं आणि भिंत आम्हीच घातली. पाळक म्हातारपणी का होईना, गजाआड गेला. त्याच्या पुढच्या चर्चमधल्या दोन बायका आपणहून माझ्याकडे आल्या. आई चाकाच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. लेकीचा हात तिने शेवटपर्यंत सोडला नाही. घरी येऊन मी पोटभर जेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून कुणाचे तरी आभार मानले. कुणाचे, ते मला सांगता येत नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

म्हणूनच त्या खोलीतलं उरलेलं लिहून ठेवते आहे. आत असलेल्या आम्ही कुणीच ते बाहेर सांगितलं नाही.

कोपऱ्यात एक चौकोनी लाकडी नळा उभा होता, माणसाहून उंच. काका म्हणाले, खर्जाच्या नळ्यांना ऑर्गनमध्ये जागा पुरत नाही, म्हणून एखादा असा शेजारच्या खोलीत ठेवतात. भिंत घालणाऱ्यांनी बाकी नळे हलवले असतील, हा दारातून निघाला नसेल. त्यांनी वाकून त्याचा पाया तपासला. हवेची नळी कापलेली होती आणि भोकात सिमेंट भरलेलं होतं.

माझी अशील त्या नळ्यासमोर जाऊन उभी राहिली. नळ्याचं तोंड, म्हणजे जिथून आवाज फुटतो ती आडवी फट, तिच्या कमरेच्या उंचीवर होतं, एखाद्या लहान मुलाचं तोंड येतं तिथे. ती गुडघ्यांवर बसली.

"मी मोठी झाले," ती हळूच म्हणाली. "नोकरी करते. तुझ्यामुळे. तू कोण आहेस ते नाही कळलं तरी चालेल मला."

काकांचा हात त्या फटीवर होता. त्यांनी तो झटकन काढला, तळव्याकडे पाहिलं आणि पँटला पुसला.

मी माझा हात ठेवला. बोटांना ऊब लागली, ओलसर. ती ऊब थांबली. आणि मग माझ्या बोटांमधून हवा सावकाश आत ओढली गेली.