लाल पट्टीचं कार्ड

"माझ्या भावाला लाल पट्टीचं कार्ड कधी मिळालंच नव्हतं," ती बाई म्हणाली. तिनं एका कार्डाचा फोटो टेबलावर ठेवला. "आणि कारखाना म्हणतो, हे त्याचंच."

गुप्तहेर बाईंनी फोटो जवळ ओढला. शेजारी त्यांचा दीर वही उघडून बसला होता. तो त्यांना वहिनी म्हणे, म्हणून येणारेजाणारेही त्यांना वहिनीच म्हणत. त्या त्याला भावजी म्हणत.

बाईचा धाकटा भाऊ रंगाच्या कारखान्यात होता. सोमवारी सकाळी थिनरची टाकी साफ करायला उतरला आणि वाफेनं गुदमरून मेला. त्याला काढायला धावलेला सोबती इस्पितळात बेशुद्ध होता. टाकीत उतरायची परवानगी फक्त प्रशिक्षण झालेल्या लाल पट्टीवाल्यांना. बाकीच्यांची कार्डं नुसती पांढरी.

"कार्ड लाल असलं म्हणून काय बिघडतं?" भावजींनी विचारलं.

"मग सगळं शिकवूनही त्यानंच हलगर्जी केली असं ठरतं. स्वतः गेला आणि दुसऱ्यालाही घेऊन जाणार होता, असं लोक बोलायला लागलेत."

शुक्रवारी तिघं कारखान्यात गेली. मालकांनी चौकशीला हरकत घेतली नाही.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं कानावर हात ठेवले. "मी कार्ड बघतो. पट्टी बघत नाही. शंभर माणसं दहा मिनिटांत आत जातात, बाई."

आवारात एक कामगार जुन्या पिंपांवरची छापील अक्षरं थिनरच्या फडक्यानं पुसत होता. एकदा फडकं फिरवलं की पिंप कोरं होई. वहिनी थोडा वेळ तिथं थांबल्या.

कार्डाच्या खोलीत एक यंत्र, एक संगणक आणि एक धास्तावलेली कारकून बाई होती.

"नोंद सांगते, लाल कार्ड गेल्या महिन्याच्या तीन तारखेला छापलं," ती म्हणाली. "पासवर्ड माझा. पण मी छापलं नाही. पासवर्ड इथं चिकटवलेलाच आहे, कुणीही वाचावा. आता सगळे माझ्याकडे बोट दाखवताहेत."

"यंत्र रोज चालतं?"

"गेल्या शुक्रवारी छपाईची रिबन संपली, तेव्हापासून बंदच होतं. मंगळवारी सकाळी नवी घातली. पहिलं कार्ड नव्या ड्रायव्हरचं छापलं, मग कॅन्टीनच्या दोघांची. बस, तेवढंच."

टेबलाच्या खणात बिघडलेल्या कार्डांचा गठ्ठा होता. त्यातलं एक वहिनींनी मागून घेतलं.

सुरक्षा अधिकारी शांतपणे बोलला. "गुणी मुलगा होता. मीच त्याला शिकवलं. सोमवारी टाकीच्या तोंडाशी त्याचं लाल कार्ड मी स्वतः हातात घेऊन पाहिलं. बुधवारी टाकीच्या तळातून ते मीच काढलं. दोन दिवस थिनरच्या गाळात पडलं होतं बिचारं."

त्यानं कार्ड दाखवलं. चेहरा स्वच्छ, पट्टी लालभडक.

बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, "मला तर कारकून बाईचाच संशय येतो. पासवर्ड तिचा, यंत्र तिचं."

"खोटं कुणी बोललं ते आधी बघू," वहिनी म्हणाल्या. "जेवणानंतर सगळ्यांना कार्डाच्या खोलीत बोलवा. एका वाटीत थिनर आणा."

सगळे जमले. वहिनींनी बिघडलेलं कार्ड वाटीत टाकलं. थोड्या वेळानं चिमट्यानं बाहेर काढून फडक्यानं पुसलं. फडक्यावर रंग उतरला आणि कार्डावर चेहऱ्याच्या जागी फिकट डाग उरला.

"हे काही मिनिटांत झालं. मग ते कार्ड दोन दिवस गाळात राहून इतकं ताजं कसं? ते टाकीत कधी पडलंच नव्हतं."

"गाळात थिनर कमी असेल," अधिकारी म्हणाला.

"असेल. म्हणून दुसरी गोष्ट." त्यांनी कारकून बाईकडून यंत्र उघडवलं आणि वापरलेली रिबन उजेडात उलगडली. "छापताना रिबनच्या काळ्या तुकड्यावरची शाई अक्षरांच्या आकारात कार्डावर जाते. इथं तेवढ्या जागा रिकाम्या राहतात. एकदा वापरलेला तुकडा पुन्हा वापरात येत नाही. भावजी, क्रमानं वाचा."

"ड्रायव्हर," भावजी वाचू लागले. "कॅन्टीनवाला. दुसरा कॅन्टीनवाला. आणि..." त्यांनी बहिणीकडे पाहिलं. "हिचा भाऊ."

"रिबन मंगळवारी घातली. तो सोमवारी गेला. संगणकाची तारीख मागं नेता येते, रिबन मागं जात नाही. म्हणजे हे कार्ड तो मेल्यावर जन्मलं. जे सोमवारी नव्हतंच, ते सोमवारी हातात घेऊन पाहिलं असं सांगणारा इथं एकच माणूस आहे. टाकीतून ते काढलं असं सांगणाराही तोच."

मालकांनी अधिकाऱ्याकडे मान वळवली. कारकून बाई भिंतीला टेकून उभी राहिली.

"लाल पट्टीवाले दोघंही रजेवर होते," अधिकारी अखेर म्हणाला. "टाकी दुपारपर्यंत भरायची होती. समोर तो दिसला."

बहीण कारखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच बोलली. "तो काही म्हणाला का तुम्हाला?"

"म्हणाला, साहेब, आत वास फार आहे."

"मग?"

"मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. उतर."

बहीण रडली नाही. तिनं भावजींच्या हातातली वही आणि पेन घेतलं आणि अधिकाऱ्यासमोर ठेवलं.

"हे लिहा," ती म्हणाली. "बाकीचं नंतर. आधी हेच लिहा."