दव गोठण्याची शक्यता

खुंटीवर लोकरीचा स्वेटर. एक बाही उलटी.

रेल्वे गार्डाची पितळी शिट्टी. पस्तीस वर्षं ओठांना लागून कडा झिजलेली.

काचेची उपकरणं कचेरीत येतात ती लाकडी पेटीत, भाताच्या पेंढ्यात झोपून.

पळसाला पान नाही. नुसती फुलं पेटलेली.

कागदावर एक ओळ: उत्तरेच्या डोंगराळ भागात पाऊस, नंतर रात्री आकाश निरभ्र. पुढचे तीन शब्द शाईने खोडलेले.

या पाच गोष्टी एका दोरीत ओवल्या गेल्या त्या शुक्रवारी पहाटे, रायपूरच्या पुरानी बस्तीत. मंजिरी आणि विनायकमामा तिथून एकाच कामासाठी निघाले. मंजिरीच्या धाकट्या भावाला, शिशिरला, मैकल डोंगराच्या पठारावरून जिवंत खाली आणायचं!

त्याचं असं झालं होतं. नवं राज्य होऊन चौथा महिना लागला होता. राजधानी नवी, हवामानाच्या कचेरीतली उत्तरेच्या डोंगरांची फाइलसुद्धा नवी. फाइल मंजिरीकडे होती आणि ती कोरी होती. पठारावर गवताला किती थंडी लागते, हे कुणी कधी मोजलंच नव्हतं. बावीस वर्षांचा शिशिर म्हणाला, "दीदी, मैं रख आता हूँ ना तेरा थर्मामीटर! पहाड़ ही तो है." मंगळवारी तो पेटी पाठीला लावून निघाला. गुरुवारी परतायचा होता. बुधवार दुपारपासून पठारावर पाऊस कोसळला, गुरुवार गेला, शिशिर आला नाही. आणि खुंटीवर स्वेटर दिसला.

स्वेटर नेणार होता तो. पण निघताना त्याने तिचा अंदाज वाचला. त्यात पाऊस होता, थंडीचं नाव नव्हतं. ते होतं, मंजिरीने खोडलं होतं. होळी तोंडावर आलेली असताना 'दव गोठण्याची शक्यता' लिहिलं तर कचेरीतले लोक आठ दिवस हसतील, म्हणून.

हे तिने मामाला सांगितलं ते ट्रकमध्ये. उरल्याच्या कारखान्यातून लोखंडी सळया घेऊन जबलपूरला जाणाऱ्या त्या ट्रकने त्यांना ओळखीवर बसवून घेतलं होतं.

"खोडलं काहून?" मामांनी विचारलं.

"भीती वाटली."

"मी पस्तीस वर्षं लाल झेंडी दाखवली. गाडी थांबली की लोकं शिव्याच देत. पण झेंडी खिशात नाही ठेवली कधी."

मग त्यांनी आपला मफलर काढून तिच्या गळ्यात टाकला. एवढंच. पुढे बोलले ते चहाबद्दल.

घाटाच्या पायथ्याशी दुपारी दोनला ट्रकने त्यांना उतरवलं. तिथल्या बैगा आदिवासींच्या पाऱ्यातला, म्हणजे वस्तीतला, सुकालू वाटाड्या म्हणून भेटला. पन्नाशीचा, काटक, खांद्यावर कुऱ्हाड. बुधवारी सकाळी त्याने 'काचवाला बाबू' वर जाताना पाहिला होता. नाल्यापलीकडच्या माळावर. मग पाऊस लागला आणि नाल्यापलीकडे कुणीच गेलं नाही.

चढण सुरू झाली. सालवृक्षांची ओली पानं पायांखाली साबणासारखी सरकत होती. बांबूच्या जाळीतून वाकून जावं लागे आणि वाकलं की मानेवर पाणी ओघळे. मामांचे गुडघे कुरकुरत होते, तोंड मात्र चालू होतं. "ही चढण म्हणजे मालगाडी आहे, पोरी! संपली म्हटलं की आणखी चार डबे!" दोनदा ते घसरले. दोनदा सुकालूने त्यांना बखोटीला धरून उभं केलं, तोही हसत.

मंजिरी हसत नव्हती. ती वर बघत होती. ढग फाटत होते. निळा तुकडा, मग मोठा निळा तुकडा. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बरं झालं, उघडलं! तिला मात्र ठाऊक होतं, ढग म्हणजे पांघरूण. ते उडालं की जमीन रात्रभर उघडी पडते.

अंदाज, शुक्रवार, दुपारी चार, मनातल्या मनात: वारा वाहता राहिला तर दव गोठणार नाही. वारा राहू दे.

पाचला नाला आला. नाला कसला! तांबडं पाणी झाडांची खोडं खेळण्यासारखी भिरकावत धावत होतं. पलीकडचा काठ वीस हातांवर. मंजिरीने स्वेटरची पिशवी काठावर टाकली आणि पाण्यात उतरली. गुडघाभर. मांडीभर. पायाखालचा दगड सरकला! कंबर पाण्यात, तोल गेला, कानात नुसता गडगडाट! तेवढ्यात वेणीला हिसका बसला. सुकालूने वेणी धरूनच तिला काठावर ओढलं होतं.

"आज नई, दीदी! नरवा चढ़े हे. बिहनिया उतर जाही."

पूर चढलाय, सकाळी उतरेल. ती चिखलात बसली. तिने शिशिरला हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात त्या तिच्याच कानांपर्यंत धड पोचल्या नाहीत. मामांनी शिट्टी फुंकली, तीही नाल्याने गिळली.

आणि मग वारा थांबला. बांबूचं एक पान हलेना. मंजिरीने मान वर केली. स्वच्छ, निळं, देखणं आकाश! तिला ते बघवेना. नऊ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच तिने मागणं मागितलं, की आपला अंदाज खोटा ठरू दे.

अंदाज खरा ठरला.

सुकालूच्या शेतातल्या खोपटात शेकोटीशी बसून रात्र काढली आणि तांबडं फुटायच्या आत ते नाल्यावर आले, तेव्हा पाणी गुडघ्याखाली उतरलं होतं आणि काठचं गवत पांढरं होतं. माळावर पोचले तर सगळंच पांढरं! पाऊल टाकलं की करकर वाजे. पळसाच्या लाल पाकळ्यांच्या कडांवर मिठासारखे कण बसले होते. इतकं सुंदर काही मंजिरीने आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि तिला ते पायांनी पुसून टाकावंसं वाटत होतं.

"शिशिर!"

काही नाही.

मामांनी शिट्टी ओठांना लावली. एक लांब, दोन तोकड्या. त्यांच्या घरातला हा जुना रिवाज. मामांनी अशी शिट्टी दिली की गल्लीत हुंदडणाऱ्या पोरांनी जेवायला पळत यायचं, आणि पानावर बसल्याची खूण म्हणून ताट तीनदा वाजवायचं.

शांतता. श्वासाची वाफ. पुन्हा शिट्टी. एक लांब, दोन तोकड्या. तिसऱ्यांदा फुंकताना शिट्टी अर्धवट फाटली.

टण.

मंजिरीने मामांचा हात घट्ट पकडला.

टण. टण.

"ताट वाजवून राहिला!" मामा ओरडले. "पोट्टा ताट वाजवून राहिला!"

तिघं धावले. माळाच्या कडेला कोदो धान्याच्या पेंढ्याची एक गंजी होती. गंजीच्या बुडातून एक हात बाहेर आला होता, हातात डब्याचं झाकण. सुकालूने पेंढा उपसला. आत शिशिर! ओले कपडे बाजूला फेकलेले, अंगाला सगळीकडून कोरडा पेंढा लपेटलेला, ओठ निळे, घोटा सुजून भोपळा झालेला.

"इतनी देर?" तो म्हणाला. दात वाजत होते. "मामा, मेनू क्या है?"

मामांनी त्याला एक चापट मारली आणि त्याच हाताने कुशीत ओढलं.

बुधवारी संध्याकाळी ओल्या खडकावरून तो घसरला होता. डब्यातल्या पोळ्यांवर त्याने दिवस काढले. काल आकाश उघडलं, अंग काकडायला लागलं, तेव्हा त्याला कचेरीतली पेंढ्याची पेटी आठवली आणि तो सरपटत गंजीत शिरला.

"तुझा थर्मामीटर मुंबईहून रायपूरला आला, तडा नाही गेला," मंजिरी स्वेटर अंगात चढवत होती तेव्हा तो म्हणाला. "म्हटलं, काच टिकते तर मी काहून नाही टिकणार?"

ती हसायला लागली आणि तिला ते आवरेना. तीन दिवस छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलून नेला होता. ती हसली, रडली, नाक मामांच्या मफलरला पुसलं.

"दीदी, थर्मामीटर!" शिशिरने वर बोट दाखवलं. "त्या टेकाडापलीकडे. अर्धा तास. पहिला आकडा आहे. जा, वाचून ये, मी थांबतो."

मंजिरीने टेकाडाकडे पाहिलं. ती जागा तिनेच नकाशावर खूण करून दिली होती. पांढऱ्या गवतावर रात्रीचा नीचांक टिपणारी काचेची नळी आडवी पडलेली असेल, आत तो आकडा जपून धरलेला असेल. मग तिने शिशिरची बोटं हातात घेतली. ती मेणासारखी होती.

"राहू दे," ती म्हणाली. "सुकालूभैया, उचला याला."

सुकालूने त्याला पाठुंगळी घेतलं. खाली पाऱ्यात शेकोटी होती, गरम पेज होती, आणि दुपारपर्यंत शिशिरच्या बोटांत रंग परत आला. मामा सगळ्या पाऱ्याला शिट्टी वाजवून दाखवत होते. पोरं मागे, कुत्री पुढे.

चार दिवसांनी सुकालू वर गेला तर माळावर बकऱ्या चरून गेलेल्या, नळी उलटी पडलेली, आकडा सांडलेला. फाइलमध्ये त्या पहाटेपुढे मंजिरीने एक आडवी रेघ ओढली. खाली नवा अंदाज लिहिला: उत्तरेच्या डोंगराळ भागात पाऊस, नंतर दव गोठण्याची शक्यता. कचेरीत दोघं हसले. तिने शाई वाळू दिली.

त्यानंतरच्या मंगळवारी शिशिरने स्वेटर खुंटीला अडकवला, तेव्हा रायपुरात तेहतीस अंश होते.