धुराचं वय

सावरपेठेत आता कोणाच्या घरी काय शिजतंय यापेक्षा ते कशावर शिजतंय, याच्याच चौकशा जास्त. नगरपरिषदेने गल्लोगल्ली विजेच्या खांबांवर ‘धूरनाकं’ बसवली आणि तेव्हापासून शेजारी शेजाऱ्याच्या छपराकडे संशयाने बघू लागला.

धूरनाक नुसता धूर मोजत नसे, त्याचं वयही सांगे. लाकूड जाळलं, तर झाडाने अलीकडेच हवेतून घेतलेला कार्बन परत हवेत जातो, तो ‘ताजा’. कोळसा, डिझेल, प्लॅस्टिक यांतला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला असतो. तो ‘जुना’, आणि हवेत नवी भर घालतो तो हाच. धूर ताजा असेल तर खांबावरचा दिवा हिरवा, जुना असेल तर लाल.

नगराध्यक्षा कुंदाताई खैरमोडे यांच्या दारातला दिवा कायम हिरवा असे आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता. अंघोळीच्या पाण्याचा बंबसुद्धा त्या नगरपरिषदेच्या ‘हरित विटां’वर तापवत. बागांमधला पालापाचोळा दाबून केलेल्या या विटा गावभर फुकट वाटल्या जात.

लाल दिवा होता तो फक्त कुंभारवाड्यात. संक्रांत तोंडावर आलेली, लहू कुंभाराच्या आव्यात, म्हणजे मडक्यांच्या भट्टीत, सुगडं भाजायला लावलेली, आणि नेमकी आजच हे दिवे बघायला राज्याची तपासणी समिती येणार होती. लाल दिव्यामुळे गावाचं नाक कापलं जायला नको, म्हणून आव्याला सील ठोकायचं ठरलं. दरवर्षी लहूकडूनच सुगडं नेणाऱ्या बायकाही म्हणाल्या, “टायर जाळत असणार मेला!”

सील घेऊन कुंदाताई आल्या. सोबत पर्यावरण अभियंता निखिल सरदेशमुख होता.

“लहूभाऊ, खरं सांगा. काय जाळता आव्यात?”

“लाकूड, भुसा, आन दिवाळीपासनं तुमच्या विटा. ताई, टायर कशाला जाळू? आधीच यंदा सुगडांवर काळे डाग पडायलेत. पूजेला कोण घेईल असली? आन आवा बंद केलात तर आमी खायचं काय?”

त्याने एक सुगड पुढे केलं. डाग तेलकट होते. कुंदाताईंनी ढिगातली एक वीट उचलली आणि दगडावर आपटून फोडली. वरून पाला होता. आत मात्र दुधाच्या पिशव्यांचे निळे-पांढरे तुकडे चेपून भरले होते. त्यांनी एक तुकडा विस्तवावर टाकला. तो आक्रसला आणि काळे थेंब गळू लागले.

“निखिल, हे काय?”

“मॅडम, पाला पुरत नव्हता. आणि कचरा डेपो सहा महिन्यांत रिकामा दिसला पाहिजे, असं तुम्हीच सभेत म्हणाला होतात.” तो घाईने बोलत होता. “आज फक्त सील लावू. पुढच्या महिन्यात विटा बदलू. कोणाला काही कळणार नाही.”

क्षणभर कुंदाताईंना ते पटलंसुद्धा. मग त्यांची नजर खांबावरच्या लाल दिव्याकडे गेली.

“माझ्या बंबातही याच विटा आहेत,” त्या सावकाश म्हणाल्या. “मग माझ्या दारातला दिवा हिरवा कसा?”

निखिलने खिशातला मोबाइल नकळत घट्ट धरला; दिव्यांचा रंग त्यावरून बदलता येई, फक्त आव्याच्या दाट धुरापुढे ते जमलं नव्हतं. गावात बाकी सगळीकडे दिवे हिरवे होते, आणि विटा तर घरोघरी होत्या. एकच खांब खरं बोलत होता आणि नेमकं त्याचंच तोंड बंद करायला त्या आल्या होत्या. कुंदाताईंना आपल्याच गावाची भीती वाटली.

कोपऱ्यावर समितीची गाडी वळली. लहूने फुटलेल्या विटेचा अर्धा तुकडा उचलून कुंदाताईंपुढे धरला.

“ताई, आता त्यांना काय दाखवणार? तुमच्या दारातला दिवा, का ही वीट?”