पोपटाला दहापैकी दहा

"मी मुलगी आहे. मी सफरचंद खाते."

वाचनालयाच्या कॉम्प्युटर-खोलीत हे वाक्य परक्या भाषेत, खणखणीत पुरुषी आवाजात ऐकू आलं आणि मी मान वर केली. समोरच्या टेबलाशी सहा फुटी, दाढीवाला माणूस कानाला हेडफोन लावून बसला होता. हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती, नुसती लोंबत होती. त्यामुळे पडद्यावर भाषा शिकवणाऱ्या पोपटाचा आवाजही सगळ्या खोलीला ऐकू येत होता — "शाब्बास! पुन्हा म्हणा."

"मी मुलगी आहे," तो मन लावून म्हणाला.

त्या दिवशी सकाळीच मी वॉर्डातल्या एका आजोबांचे डोळे मिटून आले होते. पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. तरी मला हसू फुटलं ते फुटलंच.

"अहो," मी वाकून म्हटलं, "तुम्ही मुलगी नाही आहात."

"मला ठाऊक आहे हो," तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "या पोपटाला पटेल तर ना!"

...आणि मग त्याला ती लोंबती वायर दिसली. दाढीच्या वर जेवढा चेहरा शिल्लक होता तेवढा सगळा लाल झाला.

चौकात त्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं, म्हणून मी त्याला किल्लीवाला म्हणायला लागले. तो माझा गणवेश बघून मला 'सिस्टर' म्हणायचा. पुढे पुढे ते त्यालाच जड जायला लागलं आणि त्याने मला काहीच म्हणणं सोडून दिलं!

आम्ही दोघं शिकत होतो ती भाषा एकच. मला ती भाषा बोलणाऱ्या देशातल्या इस्पितळात नोकरी हवी होती, त्यासाठी परीक्षा होती. त्याचं कारण मी विचारलं नाही. आधी त्याची वही बघितली. बाई गं, काय ती वही! भाषा शिकवणारी चार साधनं त्याने ओळीने मांडली होती. प्रत्येक साधन पंधरा दिवस वापरायचं, तारीख घालायची, दहापैकी गुण द्यायचे. मी त्यांना नावं दिली. खेळातून शिकवणारा तो पोपट. पाठांतराची कार्डं म्हणजे पत्ते. व्हिडिओवर थेट शिकवणाऱ्या त्या बाई. आणि गप्पा मारणारं यंत्र, तो बडबड्या.

"पोपटाला तीनच गुण?" मी विचारलं.

"गोड बोलतो, पण घोडा आणि सफरचंदाच्या पुढे जात नाही. बाई चांगल्या आहेत, पण माझ्या दुकानाच्या वेळेलाच शिकवतात. पत्ते बरे."

"आणि बडबड्याला शून्य? बिचाऱ्याने काय घोडं मारलं?"

त्याने वही मिटली. खिडकीवर बारीक पाऊस वाजत होता.

"मी त्याला म्हटलं, माझा भाऊ वारला. तो म्हणाला — खूप छान वाक्य! आता भावाच्या छंदांविषयी सांगा."

माझं हसू जागच्या जागी विरलं.

मग त्याने सगळं सांगितलं. दादा त्या देशात बेकरीत कामाला होता. गेल्या हिवाळ्यात छातीच्या तापाने गेला. घरमालकीण म्हातारी, तिला तिच्या भाषेशिवाय काही येत नाही. तिने फोनवर बोलून सात निरोप पाठवले होते, दादाच्या शेवटच्या दिवसांचे.

"फोन भाषांतर करून देईल की."

"देतो. एक वाक्य ऐकलं आणि बंद केला. म्हातारी रडत सांगतेय हो... आणि हा मेला बातम्या दिल्यासारखा वाचून दाखवतो. नको. माझ्या दादाचं मरण मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

आई गेली तेव्हा दादा आला नव्हता, त्यावरून दोघांचं फाटलं होतं. याने फोनवर तोंडाला येईल ते सुनावलं आणि घराचं कुलूपसुद्धा बदलून टाकलं. चौदा महिने ना फोन केला, ना उचलला.

"शेवटी तो माझ्यावर रागावलेला होता का... एवढंच मला हवंय."

त्या दिवसापासून आम्ही शेजारी बसू लागलो. एकच हेडफोन, एक कान त्याचा, एक माझा. तो एकेक वाक्य दहा दहा वेळा ऐकायचा. पत्त्यांमध्ये शब्द शोधायचा, पुन्हा ऐकायचा. त्याच्या हातांना कायम लोखंडाचा वास यायचा, आणि खरं सांगू का... घरी गेल्यावर मला त्या वासावाचून करमायचं नाही. तीन निरोप असेच उलगडले. ताप कसा आला, डॉक्टर कधी आले, म्हातारीने सूप कसं भरवलं.

चौथा निरोप सुरू झाला आणि मी गोठलेच. मी परिचारिकांसाठीच्या खास अभ्यासक्रमातून शिकत होते. उशी, धाप, ग्लानी, नातेवाईक — म्हातारीचा प्रत्येक शब्द माझ्या ओळखीचा होता. ती सांगत होती, "फोन उशाशी घेऊन झोपायचा. आत गेले की विचारायचा, भावाचा फोन आला का? शेवटच्या दिवशी धाप लागली होती तरी विचारलं. मग म्हणाला, आता नाही करणार तो."

"काही कळलं?" किल्लीवाल्याने विचारलं. त्याला फक्त 'भाऊ' कळला होता.

"नाही हो. म्हातारी फार भरभर बोलते."

वॉर्डात असलं खोटं मी रोज बोलते. पण हे मला झोपू देईना.

आणि मग मी जे केलं ते माझं मलाच शोभलं नाही. मी पोपटाची तारीफ सुरू केली. "पाया पक्का होतो. पत्ते सोडा, त्याने नुसता गोंधळ होतो. पोपटाला दहापैकी दहा द्या!" पोपटाच्या नादी लागला तर हा जन्मभर सफरचंदच खात बसेल, उशी आणि धाप यांच्यापर्यंत पोचणारच नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मला त्याची दया येत होती हे खरं. पण सातवा निरोप संपला की हा इथे कशाला येईल, ही भीतीही तितकीच खरी होती.

त्याने मुकाट्याने दहापैकी दहा लिहिले. दीड महिना आम्ही मजेत होतो. बागेत घोडा उभा आहे, घोडा दूध पितो... तो म्हणायचा, मी हसायचे, आणि तो माझ्याकडे बघत राहायचा.

माझा निकाल लागला. मी पास! नोकरीचं पत्रही आलं. नाचतच मी त्याला सांगायला गेले.

"वा!" तो मनापासून हसला. मग म्हणाला, "पोपटाने पास झालात?"

"छे हो, माझ्या अभ्यासक्रमाने."

"मग मला पोपट का?"

त्याने वही उघडून माझ्यापुढे सरकवली.

"चौथा निरोप ऐकला ती ही तारीख. तुम्ही पोपटाचं कौतुक सुरू केलंत ती ही. दोन्हींत एक दिवसाचं अंतर आहे. मला कालच दिसलं."

"कारण त्यात काय आहे ते मला कळलंय!" मी रडायलाच लागले. "तुम्हाला कळू नये असं वाटलं. आणि कळलं की तुम्ही यायचं बंद कराल, असंही वाटलं... घ्या, झालं समाधान?"

तो उठला, हेडफोन नीट गुंडाळून ठेवला आणि निघून गेला.

नऊ दिवस तो आला नाही. मी रोज जाऊन बसत होते. दहाव्या दिवशी शेजारची खुर्ची सरकली.

"तुमचा अभ्यासक्रम उघडा," तो म्हणाला. "आणि मध्ये काही सांगायचं नाही."

आम्ही चौदावा धडा घेतला, 'नातेवाइकांशी बोलताना'. मी परिचारिका व्हायचे, तो नातेवाईक. पाच दिवस आम्ही तेवढंच केलं. सहाव्या दिवशी त्याने चौथा निरोप लावला. डोळे मिटून ऐकला. पुन्हा ऐकला. त्याचा चेहरा बघवेना, म्हणून मी त्याच्या हाताकडे बघत राहिले, आणि मग तो हात धरला.

"रागावला नव्हता," तो म्हणाला. "वाट बघत होता... रागावला असता तर बरं झालं असतं गं."

वॉर्डात इतकी माणसं गेलेली बघितली, पण मागे राहिलेल्याला काय सांगायचं ते मला अजून येत नाही. मी हात सोडला नाही, एवढंच.

उरलेले निरोप त्याने त्याच दिवशी संपवले. सातव्यात म्हातारी विचारत होती, त्याचे कपडे वाटून टाकले, पण त्याच्याजवळ एक किल्ली होती, गळ्यात घालायचा. पाठवू का?

"घराची," किल्लीवाला म्हणाला. "त्या किल्लीने आता काही उघडत नाही. मीच तशी सोय केली."

माझ्या जाण्याच्या दिवशी तो मला सोडायला आला. करार दोन वर्षांचा होता. मी म्हातारीचा पत्ता घेतला होता.

"पोचल्यावर पहिल्या सुट्टीला जाईन. किल्ली लगेच पोस्टाने पाठवते."

त्याने मान हलवली. मग त्या परक्या भाषेत घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी मुलगी आहे. मी सफरचंद खाते."

मी हसले आणि हसता हसता हुंदका आला.

"बोला की नीट, निघायची वेळ झाली..."

"किल्ली पोस्टाने नको पाठवूस," तो म्हणाला. "दुकानात खोक्यात घराचं जुनं कुलूप पडलं होतं. परवा साफ केलं, तेल दिलं, दाराला परत बसवलं. आता त्याला तीच किल्ली लागेल." त्याने माझी बॅग माझ्या हातात दिली. "तू घेऊन ये."