ताईच्या जागी धाकटी

फ्रेमवाल्याचं दुकान बंद होतं, म्हणून धाकटी सहज जिना चढून वर गेली, आणि तिथेच सगळी भानगड सुरू झाली. वरच्या खोलीत एक चित्रकार आरशासमोर बसून स्वतःचंच चित्र काढत होता. आरशात मागे हिचा चेहरा दिसला तसा तो दचकला.

"स्वतःवर भलतंच प्रेम दिसतंय," ती म्हणाली. जीभ तिची पहिल्यापासूनच तिखट.

"प्रेम कसलं, औषध आहे हे! दुसऱ्या कुणाचं चित्र काढायच्या आधी एकदा स्वतःचं काढतो, म्हणजे माझा चेहरा हातातून निघून जातो. नाहीतर येईल त्याच्या तोंडावर माझं नाक बसतं. मागे एका मुख्याध्यापिकाबाईंना बसलं... अजून माझ्याशी बोलत नाहीत."

ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली, आणि लगेच तिला अपराध्यासारखं वाटलं. पर्समध्ये फ्रेम करायला आणलेला ताईचा फोटो होता. ताईला जाऊन वर्ष झालं होतं. तिला फोटोचा भारी कंटाळा, त्यामुळे धड असा हा एकच, तोही हललेला. आईला हल्ली ताईचा चेहरा नीट आठवेनासा झाला होता आणि त्या धास्तीने तिचं जेवणखाण सुटलं होतं. धाकटीने फोटो पुढे केला आणि यावरून ताईचं चित्र होईल का, विचारलं.

"एवढ्यावर भागणार नाही," फोटो बघून चित्रकार म्हणाला. "कान, मान, गालाची ठेवण... बहिणींमध्ये थोडं सारखं असतंच. तुम्ही बसाल? ताईच्या जागी?"

ताईच्या जागी! जन्मभर धाकटीने ताईचे कपडे घातले, ताईची पुस्तकं वापरली. आता खुर्चीही ताईचीच. ती बसली.

मग दर रविवारी सकाळी ती यायची, छत्री दारात उघडी ठेवायची आणि बसायची. तो बघत राहायचा. इतकं तिच्याकडे कधी कुणी पाहिलंच नव्हतं. घरी आईची नजर तिच्यावरून निसटून ताईच्या पलंगाकडे जायची.

"हनुवटी जरा वर... इतकी नको. भांडायला निघाल्यासारखी दिसतेस."

"मी नेहमीच अशी दिसते."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

पाचव्या रविवारी तो ब्रश धुवायला आत गेला, तेव्हा तिने चित्र पाहिलं. कपाळ ताईचं होतं. हनुवटी मात्र हिची, ओठ दाबून हसणंही हिचंच. सांगायला हवं होतं. ती गप्प बसली. पुढचे तीन रविवारही गप्पच.

चित्र पूर्ण झालं, आई आली. तिने पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ही माझी मुलगी नाही," ती म्हणाली आणि तिथेच स्टुलावर बसून रडायला लागली.



आई खाली उतरल्यावर चित्रकार पुटपुटला, "चूक माझीच. माझं नाक येऊ नये म्हणून एवढा जपलो, आणि... तू समोर असताना मला दुसरं कुणी दिसलंच नाही गं."

"मला माहीत होतं. पाचव्या रविवारपासून." ती चित्राकडे बघत म्हणाली, "ताईची जागा अडवून बसले मी. का, तर कुणीतरी माझ्याकडे बघत होतं म्हणून! खरवडून टाक ते."

"अगं, इतकं छान आलंय—"

"खरवड म्हणते ना!"

त्याने सुरी घेतली. तिचा चेहरा तिच्यादेखत गेला.

नव्याने सुरुवात झाली तेव्हा ती त्याच्या पाठीमागे भिंतीला टेकून बसली. अट एकच. चित्र आईच्या हातात पडेपर्यंत त्याने वळून बघायचं नाही. तो फोटो बघायचा, ती सांगायची. ताईची डावी भुवई किंचित वर असायची. थाप मारताना ती डोळ्यांत डोळे घालून बघायची. दवाखान्यात, उठून बसवत नव्हतं तरी, हिचे केस तिनेच विंचरून दिले होते... सांगता सांगता धाकटी अडखळायची. तो ब्रश धरून थांबायचा, पण वळायचा नाही.

रंग वाळल्यावर आई पुन्हा आली. तिने दारातूनच पाहिलं.

"आलीस गं बाई..." एवढंच म्हणाली, आणि चित्र छातीशी धरून जिना उतरून गेली. धाकटीला हाक मारायची राहूनच गेली.

खोलीत दोघंच उरली. तो अजून रिकाम्या ईझलकडे तोंड करून बसला होता.

"वळू का आता?"

"नको... रडतेय मी. आणि रडताना मी जरासुद्धा ताईसारखी दिसत नाही."

"मग वळतोच," तो म्हणाला, आणि वळला.