माहेरच्या नावाचा रकाना

दारावर मनाईचा कागद होता, तरी नीरजा आत बसून खुशाल जेवत होती. चैत्रातल्या दुपारी रुग्णालयात ए.सी. असलेली ती एकच खोली, सर्व्हर ठेवलेली. डब्यात ओल्या काजूंची उसळ होती. तेवढ्यात दार उघडलं आणि एक उंच मुलगा खांद्यावरची बॅग सावरत उभा राहिला.

"आत खायला मनाई आहे... असं बाहेर लिहिलंय."

"ते मीच लिहिलंय," नीरजा म्हणाली. "लोकांसाठी."

तो हसला. मग तिलाही हसू आलं आणि तिनं डबा पुढे सरकवला.

हा देवदत्त, पुण्याच्या कंपनीनं पाठवलेला. रत्नागिरीच्या या रुग्णालयाची लांज्याला आणि देवरूखला दोन छोटी केंद्रं होती. तिथले संगणक नोंदी ठेवत एका तऱ्हेनं, रत्नागिरीचे दुसऱ्याच. देवदत्तला मध्ये एक सर्व्हिस, म्हणजे एक प्रोग्रॅम, बसवायची होती, लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखी. इकडचं ऐकून घ्यायचं, तिकडच्यांना समजेल असं सांगायचं. नोंदणी विभाग नीरजाकडे, त्यामुळे दोघांची गाठ रोजची. ती तपासण्यांचे संकेतांक वाचून दाखवी, तो टाइप करी. मध्येच तो वर बघे... आणि तिचं वाचणं अडखळे.

"हिमोग्लोबिन दोनदा सांगितलंत."

"तुम्ही दोनदा बघितलंत."

एक गोष्ट उघड होती. सर्व्हिस सुरळीत चालली की याचं काम संपणार आणि हा पुण्याला जाणार. नीरजाला तो जायला नको होता. पण रुग्णांचे रिपोर्ट अडू देत, असं तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

अडले मात्र. चाचणी चालू असताना लांज्याला एका गरोदर बाईचं रक्त तपासलं आणि रिपोर्ट रत्नागिरीला पोचलाच नाही. डॉक्टर खोळंबले. शेवटी फोन करून रक्तगट विचारून घेतला. देवदत्तनं केबल तपासली, पोर्ट तपासला, सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू केली. ए.सी.त बसून घामाघूम झाला बिचारा.

नीरजानं अडकलेली नोंद उघडून नाव वाचलं. "चिमा... अहो, आपल्याकडची आरोही ती हीच. बाळंतपणाला माहेरी गेल्ये लांज्याला. तिथे सगळे तिला लहानपणापासून चिमा म्हणून ओळखतात, तेच नाव लिहिलंन नर्सनं."

"लग्नात नाव बदललेलं!" देवदत्तनं कपाळाला हात लावला. "माझ्या आईचंही बदललंय हो. आणि मी नावावरून जोड्या लावत बसलो."

"मीच त्याला हो म्हटलं होतं. अर्धी चूक माझी."

मग प्रत्येक रुग्णाला कायमचा क्रमांक मिळाला आणि नोंदणीच्या पडद्यावर नवा रकाना आला, माहेरच्या नावाचा. तो तपासायला शनिवारी देवदत्त यष्टीनं लांज्याला गेला. दुपारी फोन वाजला.

"पाठवलाय. आला?"

रिपोर्ट आरोहीच्या नावाखाली, हवा तिथे येऊन बसला होता. नीरजाला आनंद झाला आणि लगोलग आठवलं, आता हा जाणार.

"आला."

"मग... झालं काम."

"झालं."

फोन मात्र कुणीच ठेवेना.

"एक विचारू?" तो म्हणाला. "लग्नात तुम्ही नाव बदलणार?"

"ते कुणाशी लग्न करत्ये त्यावर आहे."

"समजा... माझ्याशी."

नीरजाचे कान तापले. हो म्हणून टाकावंसं वाटत होतं, पण जन्माचा प्रश्न, गुळमुळीत बोलून चालणार नव्हतं.

"नाही बदलणार. आणि पुण्यालाही येणार नाही. इथलं काम मी उभं केलंय. ते टाकून कुठे जाऊ?"

पलीकडून लांज्याच्या रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न तेवढा ऐकू आला. संपलं, तिला वाटलं. आपणच आपल्या हातानं घालवलं.

"पुण्याला मी तरी कुठे जातोय," देवदत्त सावकाश म्हणाला. "राजापूर, गुहागर, इतर रुग्णालयांचीही केंद्रं जोडायचीत. कंपनीला रत्नागिरीत राहणारा माणूस हवाय. मी सोमवारीच नाव दिलंय माझं."

"मग हे आधी नाही सांगायचं?"

"आधी रिपोर्ट पोचायला हवा होता. नाही तर तुम्हीच म्हणाला असता, आधी काम करा."

म्हणालीच असती ती. नीरजानं डोळे पुसले, हसली, आणि इतके दिवस जे 'तू' ओठांवर यायचं आणि परत फिरायचं ते आज फिरलं नाही.

"चारची गाडी पकड," ती म्हणाली, "आणि थेट घरी ये. आईला मी सांगत्ये."